बीमवर बसलेली धूळ आणि कारखान्यातला दुसरा धमाका

साखरेचा स्फोट होतो असं सांगितलं की समोरचा आधी हसतो. साखर कशी फुटेल, आपल्याकडे एवढे साखर कारखाने आहेत, कधी ऐकलंय का? पण ७ फेब्रुवारी २००८ ला संध्याकाळी सव्वासातच्या सुमारास अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थ नावाच्या गावी इम्पीरियल शुगर कंपनीच्या रिफायनरीत नेमकं हेच झालं. १४ माणसं गेली, ३६ जखमी झाली आणि त्यातली बरीच जण फार वाईट भाजलेली होती, सायलोमधली, म्हणजे साठवणीच्या उंच टाक्यांमधली, साखर पुढे आठवडाभराहून जास्त जळत राहिली. बॉयलर नाही, गॅस लीक नाही, कसलं केमिकल नाही, नुसती साखर, म्हणजे साखरेची धूळ.

आपल्याकडे कारखान्यातली धूळ म्हटलं की डोक्यात येतो दमा, खोकला, फार तर सिलिकोसिस, आणि ते बरोबरच आहे, त्याने माणसं हळूहळू मरतात. पण काही धुळी जळतात, आणि हवेत उडालेल्या असताना जळाल्या तर एका सेकंदाच्या आत शेडचा पत्रा आभाळात जातो. आज फक्त या दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलू, कारण पीठ गिरणीपासून डाय कास्टिंगच्या शॉपपर्यंत हा धोका पसरलाय आणि ज्याच्या युनिटमध्ये तो आहे त्यालाच बऱ्याचदा माहीत नसतो.

आधी बेसिक. जाड ओंडका काडीने पेटत नाही, त्याच्याच ढलप्या पटकन पेटतात, हे चूल पेटवलेल्या कुणालाही माहितीये. कारण एवढंच की ऑक्सिजन फक्त पृष्ठभागाला भेटतो. आता हिशोब बघा, एक सेंटिमीटरचा घन घेतला तर त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन कापून १०० मायक्रॉनचे (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण केले तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस सेंटिमीटर, आणि १० मायक्रॉनचे केले तर ६,०००. माल तेवढाच, वजन तेवढंच, पण जळायला जागा हजारपट. त्यात हे कण हवेत सुटे सुटे तरंगत असतील तर प्रत्येकाच्या भोवती त्याचा स्वतःचा ऑक्सिजन तयार, एक पेटला की शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, आणि हे सगळं इतक्या वेगात होतं की गरम झालेल्या हवेला पसरायला वेळच मिळत नाही. ढोबळमानाने ५०० मायक्रॉनपेक्षा बारीक आणि जळणारं काहीही असलं तर ते या यादीत धरायचं.

यादी कशी आहे बघा: पीठ, बेसन, स्टार्च, साखर, दूध पावडर, हळद-मिरची पावडर, लाकडाचा भुसा, कागदाचा कपटा, कापसाचं तूस, प्लास्टिकची पावडर, पावडर कोटिंगची पावडर, औषधांच्या गोळ्यांचं मटेरियल, गंधक, आणि धातूंमध्ये ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियम, जस्त, अगदी लोखंडसुद्धा. मीठ, वाळू, सिमेंट, चुनखडी यांचा स्फोट होत नाही कारण त्यांच्यात जळण्यासारखं काही नसतं. त्यामुळे "आमच्याकडे ज्वलनशील काही नाही, फक्त फूड आयटम आहे" हे वाक्य ऐकलं की मला भीती वाटते, कारण फूड म्हणजेच जळण, आपण ते खातो तेच मुळी आत जाळायला.

स्फोटाला पाच गोष्टी एकत्र याव्या लागतात. जळणारी धूळ, ऑक्सिजन, ठिणगी किंवा उष्णता, धुळीचा हवेत उडालेला ढग, आणि तो ढग कोंडून धरणारी जागा. पहिल्या तीनच असतील तर आग लागते. ढग झाला तर भपका उठतो, त्यात माणूस भाजतो, आणि ढग कोंडला गेला तर प्रेशर वाढून स्फोट होतो. २०१५ च्या २७ जूनला तैवानमधल्या एका वॉटर पार्कमध्ये स्टेजवरून प्रेक्षकांवर रंगीत कॉर्न स्टार्च उडवला होता, तिथे छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या, त्यामुळे स्फोट असा झाला नाही, पण भपक्यात १५ जण गेले आणि ५०० च्या आसपास लोक भाजले. आपल्याकडे रंगपंचमीच्या पार्ट्यांमध्ये ब्लोअरने रंग उडवायची फॅशन आलीये, ती स्टार्चची पावडर असेल तर आजूबाजूला हॅलोजन, फटाके, सिगारेट काय काय आहे ते एकदा बघा, बाकी काही म्हणत नाही.

आता येऊ खऱ्या मुद्द्यावर. ढग किती दाट हवा? बऱ्याच धुळींसाठी खालची मर्यादा घनमीटरला ३० ते ६० ग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे किती, तर घनमीटरला ४० ग्रॅम धूळ असेल तर दोन मीटरवरचा २५ वॅटचा पेटता बल्ब दिसणार नाही. एवढ्या धुळीत कुणी कामच करू शकत नाही, म्हणून मालक म्हणतो आमच्या शेडमध्ये एवढी धूळ कधीच नसते, आणि तो खरं बोलत असतो. शेडमध्ये नसते. पण बादल्यांच्या पट्ट्याने माल वर चढवणाऱ्या बकेट एलिव्हेटरच्या आत असते, सायलोच्या आत माल पडताना असते, माल कुटणाऱ्या हॅमर मिलच्या आत असते, ड्रायरमध्ये, धूळ ओढून साठवणाऱ्या डस्ट कलेक्टरमध्ये असते, कारण ही यंत्रं चालतातच तशी. म्हणून पहिला धमाका जवळपास नेहमी यंत्राच्या पोटात होतो, आणि बरेचदा तो छोटा असतो, एखादं झाकण उडतं, डक्ट फाटतो.

पण त्या छोट्या धमाक्याने शेड हादरते आणि बीमवर, ट्रसवर, केबल ट्रेवर, लाइटच्या पट्ट्यांवर वर्षानुवर्षं निवांत बसलेली धूळ एकदम खाली येते, हवेत ढग होतो, आणि मागोमाग पहिल्या स्फोटाची ज्वाळा येतेच. हा दुसरा धमाका. मोठ्या दुर्घटनांमध्ये बहुतेक माणसं याच्यात जातात, इमारत याच्यात पडते, आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तिथून तिसऱ्यात अशी ही साखळी धूळ असेल तिथपर्यंत पळते.

किती धूळ पुरते? समजा फरशीवर एक मिलिमीटर थर आहे, आणि ती धूळ घनमीटरला ५०० किलो या हिशोबाची आहे. एका चौरस मीटरवर झाली अर्धा किलो. शेड पाच मीटर उंच असेल आणि ही सगळी धूळ उडाली तर हवेत घनमीटरला १०० ग्रॅम, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या सरळसरळ वर. एक मिलिमीटर! अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात तर ०.८ मिलिमीटरचा थर, म्हणजे साध्या पेपरक्लिपच्या तारेएवढा, हा धोक्याच्या खुणेसारखा वापरतात. सोपी टेस्ट अशी की पत्र्यावर बोटाने नाव लिहिता येतंय आणि खालचा रंग दिसत नाहीये, तर झाडू हातात घ्यायची वेळ केव्हाच होऊन गेलीये.

इम्पीरियल शुगरमध्ये हे सगळं पुस्तकातल्यासारखं घडलं, म्हणून तीच केस नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथे तीन मोठे सायलो होते, त्यांच्याखाली बोगद्यासारखी जागा, आणि त्यातून साखर वाहून नेणारा स्टीलचा बेल्ट कन्व्हेयर. वर्षानुवर्षं हा बेल्ट उघडाच होता. सायलोच्या तोंडाशी साखरेचे खडे अडकायचे, मग साखर बेल्टवरून बाहेर सांडायची, धूळ उडायची, पण बोगदा मोठा असल्याने ती पसरून पातळ व्हायची. २००७ मध्ये कंपनीने साखरेत घाण पडू नये म्हणून त्या बेल्टभोवती स्टीलचे पॅनेल बसवून तो बंद केला. हेतू चांगला, कुणीही क्वालिटीवाला खूश होईल. पण आतली धूळ ओढून घ्यायची सोय केली नाही, स्फोट झालाच तर प्रेशर बाहेर जायला व्हेंट ठेवला नाही. त्यामुळे जी धूळ आधी बोगद्यात पसरत होती ती आता एका अरुंद पेटीत साठायला लागली. तपास करणाऱ्या अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा निष्कर्ष असा की त्या पेटीत दाट ढग झाला आणि बहुधा एका तापलेल्या बेअरिंगने तो पेटला.

तिथून पुढे पॅकिंगच्या इमारतींमध्ये मजल्यामागून मजले गेले, काँक्रीटच्या स्लॅब उचलल्या गेल्या, कारण फरशीवर, यंत्रांवर, वरच्या स्ट्रक्चरवर साखरेचे थर होते, धूळ खेचणारी सिस्टीम अपुरी आणि नादुरुस्त होती, साफसफाईला कॉम्प्रेसरची हवा वापरली जायची. लाइट गेले, अंधारात बाहेर पडायची प्रॅक्टिस कामगारांना कधी दिली नव्हती. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट म्हणजे साखरेच्या धुळीचा स्फोट होऊ शकतो हे त्या कंपनीच्या कागदपत्रांत १९६० च्या दशकापासून लिहिलेलं सापडलं. कळत नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं मोठं काही झालं नाही म्हणून काही होत नाही असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

तसं हे ज्ञान चाळीस काय, सव्वादोनशे वर्षांहून जुनं आहे. इटलीत ट्यूरिनला १४ डिसेंबर १७८५ ला एका बेकरीवाल्याच्या पिठाच्या गोडाऊनमध्ये दिव्याच्या उजेडात पीठ ओढताना स्फोट झाला आणि मोरोत्सो नावाच्या काउंटने त्याचा बारकाईने वृत्तांत लिहून ठेवला. १८७८ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला वॉशबर्न कंपनीची जंगी पीठ गिरणी उडाली, १८ जण गेले. आणि केमिकल सेफ्टी बोर्डाने १९८० ते २००५ या काळातल्या फक्त अमेरिकेतल्या घटना मोजल्या तर २८१ भरल्या, ११९ मृत्यू, ७१८ जखमी.

त्यातली एक २००३ ची नॉर्थ कॅरोलिनातली, वेस्ट फार्मास्युटिकल नावाच्या रबरी बुचं बनवणाऱ्या कारखान्याची, मला फार महत्त्वाची वाटते कारण तो कारखाना चकाचक होता. मेडिकलचा माल, त्यामुळे खालची साफसफाई सतत चालायची. पण पॉलिथिलीनची बारीक पावडर हवेबरोबर फॉल्स सीलिंगच्या वर जाऊन बसत होती, आणि तिथे झाडायला कोण जातंय? सहा जण गेले. म्हणजे ऑडिटच्या दिवशी फरशी बघून समाधान मानू नका, शिडी लावा आणि वर बघा.

धातूंचं प्रकरण वेगळं आणि जास्त वाईट. धुळीचा स्फोट किती जोरात होतो हे मोजायला केएसटी नावाचा आकडा असतो, २० लिटरच्या गोल भांड्यात टेस्ट करून काढतात, २०० पर्यंत पहिला वर्ग, ३०० पर्यंत दुसरा, त्यावर तिसरा. पीठ, साखर साधारण पहिल्यात येतात, बारीक ॲल्युमिनियम थेट तिसऱ्यात जाऊ शकतं. चीनमध्ये कुन्शानला २ ऑगस्ट २०१४ ला गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या व्हील्सना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला, शेवटी मृतांचा आकडा १४६ झाला. तिथे डस्ट कलेक्टरच्या ड्रममध्ये साठलेली ॲल्युमिनियमची धूळ ओली झाली होती, आणि ओल्या ॲल्युमिनियम पावडरीत रिॲक्शन होऊन उष्णता तयार होते, हायड्रोजनही सुटतो, म्हणजे बाहेरून ठिणगीची गरजच नाही.

आपल्याकडे चाकण, भोसरी, कोल्हापूर, औरंगाबाद पट्ट्यात किती बफिंग आणि ग्राइंडिंगची छोटी युनिट्स आहेत हे वेगळं सांगायला नको, आणि त्यातल्या अनेक ठिकाणी एकाच ग्राइंडरवर सकाळी लोखंड आणि दुपारी ॲल्युमिनियम चालतं, दोन्हीची धूळ एकाच कलेक्टरमध्ये. लोखंडाच्या ठिणग्या त्याच डक्टमधून ॲल्युमिनियमच्या धुळीत जातात, शिवाय गंज आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की त्यांची आपसात वेगळीच जोरदार रिॲक्शन होते. हे दोन कलेक्टर वेगळे करा, यात बचत करू नका. एप्रिल २०२५ मध्ये नागपूर जिल्ह्यात उमरेड एमआयडीसीतल्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात स्फोट होऊन कामगार गेले, अडीच महिन्यांतच ३० जूनला तेलंगणात पाशमैलारमला औषधाच्या गोळ्यांमध्ये घालायची सेल्युलोज पावडर बनवणाऱ्या कारखान्यातल्या स्फोटात चाळीसहून जास्त माणसं गेली, तिथेही चर्चा ड्रायर आणि बारीक पावडरीभोवतीच होती. त्यामुळे हे सगळं परदेशात होतं असं कुणी समजू नये.

मग करायचं काय. सगळ्यात आधी एअर गनने झाडणं बंद. शिफ्ट संपताना कॉम्प्रेसरची नळी घेऊन मशीनवरची धूळ उडवायची, स्वतःचे कपडेही त्यानेच झटकायचे, ही आपल्या शॉपफ्लोरची सवय आहे आणि याने होतं काय तर खालची धूळ वर बीमवर जाऊन बसते, म्हणजे दुसऱ्या धमाक्याचा माल आपणच वर चढवून ठेवतो, शिवाय उडवताना ढग होतो तो वेगळा. व्हॅक्यूमने ओढा, पण दुकानातला साधा व्हॅक्यूम नको कारण त्याची मोटार आतून ठिणग्या मारते आणि धूळ तिच्यातूनच जाते, या कामासाठी बनवलेला, अर्थिंग असलेला घ्या. तो महाग आहे, खरंय. जिथे ते नाही तिथे मऊ झाडू, हळू हात, मशीन बंद, आजूबाजूला वेल्डिंग बंद. आणि झाडण्यापेक्षा आधी गळती शोधा, कारण रोज पोतंभर धूळ बाहेर येत असेल तर ती कुठल्या तरी फाटलेल्या सीलमधून किंवा ओढ नसलेल्या हुडमधून येतीये.

डस्ट कलेक्टर हा गमतीशीर प्राणी आहे, तो शेड वाचवतो आणि स्वतः सगळ्यात धोक्याचा होतो, कारण सगळी बारीक धूळ त्याच्या पोटात, आणि दर काही सेकंदांनी बॅगा झटकल्या की आत ढग. म्हणून तो शेडच्या बाहेर ठेवा. त्याला स्फोटाचे व्हेंट पॅनेल हवेत, आणि त्या पॅनेलचं तोंड चहाच्या टपरीकडे, गेटकडे किंवा पार्किंगकडे नको, एक घनमीटरच्या छोट्या व्हेसलमधूनसुद्धा दहा मीटरच्या आसपास ज्वाळा बाहेर येऊ शकते. शिवाय स्फोट उलटा डक्टमधून शेडमध्ये येऊ नये म्हणून मध्ये आयसोलेशन व्हॉल्व्ह हवा, हा भाग विकणारा बहुतेक वेळा कोटेशनमध्ये घालतच नाही कारण त्याने किंमत वाढते, तुम्ही विचारा. डक्टमध्ये हवेचा वेग साधारण सेकंदाला १८ ते २० मीटर तरी हवा नाहीतर धूळ डक्टमध्येच बसते, आणि मूळ डिझाइन पाच मशीनचं असताना जुगाड करून आणखी तीन जोडली की सगळीकडचाच वेग पडतो. स्वस्त पडतं म्हणून पीव्हीसी पाइपचं डक्टिंग करतात, तेही नको, त्यावर स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, साठतं.

ठिणगीच्या बाबतीत, माणसाच्या अंगातून बसणारा स्टॅटिकचा चटका काही बारीक धुळींना पेटवायला पुरतो. म्हणून ड्रम, हॉपर, फ्लँज सगळ्यांना अर्थिंग, आणि जम्बो बॅग सी टाइपची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या धाग्यांची, असेल तर रिकामी करताना अर्थिंगची क्लिप लावल्याशिवाय तोंड सोडायचं नाही. बेअरिंगची ग्रीस, एलिव्हेटरचा सरकलेला बेल्ट, मिलमध्ये चुकून जाणारा नट-बोल्ट अडवायला मॅग्नेट, धुळीच्या थराखाली तापणारी मोटार, ही सगळी कंटाळवाणी मेंटेनन्सची कामं आहेत आणि स्फोट तिथूनच सुरू होतात. वेल्डिंगचं परमिट कागदावर सही करून फाइलला लावायची गोष्ट नाही, आधी आजूबाजूची धूळ काढून, डक्ट बंद करूनच टॉर्च पेटवायचा. इलेक्ट्रिकलमध्ये एक गैरसमज फार दिसतो, फ्लेमप्रूफ फिटिंग बसवलं की झालं. गॅससाठीचं फ्लेमप्रूफ आणि धुळीसाठीचं फिटिंग वेगळं असतं, धुळीसाठी मुख्य गोष्ट म्हणजे आत धूळ शिरू नये आणि बाहेरचा पृष्ठभाग फार तापू नये, ऑर्डर देताना कुठल्या धुळीसाठी हवंय ते लिहून द्या.

आग लागली तर? धुमसणाऱ्या ढिगावर एक्स्टिंग्विशरचा जोरदार फवारा मारू नका, त्याच फवाऱ्याने धूळ उडते आणि आगीचा स्फोट होतो. पाणी मारायचंच तर लांबून, हलक्या तुषारांसारखं. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियमवर पाणी अजिबात नाही, कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचा डी क्लास एक्स्टिंग्विशर, तोही हळूच. हे रात्रपाळीच्या कंत्राटी कामगाराला त्याच्या भाषेत सांगितलेलं असायला हवं, कारण आगीजवळ पहिला तोच असतो, सेफ्टी ऑफिसर तेव्हा घरी झोपलेला असतो.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच यासाठी वेगळं कलम ३७ लिहिलं गेलं, त्यात यंत्र बंदिस्त करणं, धूळ साठू न देणं, ठिणगीचे स्रोत दूर ठेवणं आणि यंत्र स्फोट सोसण्याएवढं मजबूत नसेल तर व्हेंट, चोक, बॅफल अशी स्फोटाचा पसारा अडवणारी साधनं बसवणं हे सगळं आलं. गंमत म्हणजे अमेरिकेत सर्व उद्योगांसाठी असा नियम करायचं काम इम्पीरियलच्या दुर्घटनेनंतर २००९ मध्ये सुरू झालं आणि २०१७ मध्ये सोडून दिलं. आपल्याकडे लिहिलेलं आहे, तपासणारी माणसं कमी आहेत आणि तपासणीत हा प्रश्न क्वचित निघतो, हे माझं मत.

नवीन युनिट असेल किंवा आपली धूळ कुठल्या वर्गातली हे माहीत नसेल तर लॅबला सॅम्पल पाठवा. आधी साधी टेस्ट, जळते की नाही, स्फोट होतो की नाही, तेवढ्यावर बऱ्याच जणांचं काम भागतं, स्फोट होतो म्हटलं तरच पुढच्या महागड्या टेस्टा. सॅम्पल मात्र विक्रीच्या पोत्यातून काढू नका. पोत्यातला माल जाडा असतो, त्याचा रिपोर्ट छान येतो आणि काही कामाचा नसतो. कलेक्टरच्या हॉपरमधून आणि बीमवरून खरवडून घ्या, कोरडं, सीलबंद डब्यात, आणि कुठून घेतलं ते डब्यावर लिहा.